दुष्काळाचे दोन इंग्रजी शब्द : ‘ड्राउट’ आणि ‘फॅमिन’

मराठीत ‘दुष्काळ’ या एकाच शब्दाने जे सांगितले जाते, ते इंग्रजीत सांगताना दोन शब्दांपैकी एकाची निवड करावी लागते. त्यांपैकी एक ‘ड्राउट’ व दुसरा ‘फॅमिन’. व्यवहारात या दोन्ही शब्दांसाठी ‘दुष्काळ’ हाच प्रतिशब्द सर्रास वापरला जातो. त्यामुळे ते समानार्थी असावेत, असा समज विद्यार्थ्यांचा आणि पुष्कळदा अनुवाद करणाऱ्यांचाही होतो. वस्तुतः पहिला शब्द आकाशाची व जमिनीची अवस्था सांगतो, तर दुसरा माणसांची. पहिल्यात पाण्याचा अभाव अभिप्रेत आहे, दुसऱ्यात अन्नाचा. पहिल्याचा परिणाम दुसऱ्यात होऊ शकतो. परंतु तो झालाच पाहिजे असे नाही, आणि तो होऊ न देणे हेच शासन आणि समाज यांचे कर्तव्य होय.

धाराशिव जिल्ह्यात हा भेद केवळ भाषेच्या तासापुरता राहत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या उतारांवर वसलेल्या या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम व परंडा असे आठ तालुके आहेत. तेरणेचे पाणी मांजरेमार्गे गोदावरीस मिळते, तर सीना आणि बोरी या नद्यांचे पाणी भीमेकडे जाते. पर्जन्यछायेतील या प्रदेशाला पावसाच्या लहरीपणाची पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. येथील तलाठ्याचा पंचनामा आणि तहसीलदाराचा अहवाल मराठीत लिहिला जातो. परंतु राज्य शासन मदतीचे जे निवेदन केंद्राकडे पाठविते, ते इंग्रजीत असते. गावातल्या माणसाच्या तोंडचा ‘दुष्काळ’ या प्रवासात कोणत्या इंग्रजी शब्दाचे रूप घेतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून या दोन शब्दांचा अर्थ, इतिहास व उपयोग नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

शब्दांचे मूळ

‘ड्राउट’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील असून ‘ड्राय’, म्हणजे कोरडा, या शब्दाचा तो सख्खा नातलग आहे. कोरडेपणा हाच त्याचा मूळ अर्थ. ‘फॅमिन’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधील ‘फामेस’ म्हणजे भूक या शब्दात आहे. भुकेने व्याकूळ झालेल्या माणसाला इंग्रजीत ‘फॅमिश्ड’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. एका शब्दाच्या पोटात कोरड आहे आणि दुसऱ्याच्या पोटात भूक आहे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा पाठ झाल्यासारखे आहे.

मराठीतील ‘दुष्काळ’ मात्र कोरडही सांगत नाही आणि भूकही सांगत नाही. ‘दुस्’ म्हणजे वाईट आणि ‘काल’ म्हणजे वेळ. वाईट काळ तो दुष्काळ, चांगला काळ तो सुकाळ. हा शब्द कारण सांगत नाही, कालखंड सांगतो. पाऊस न पडल्यामुळे, अति पडल्यामुळे, टोळधाडीमुळे किंवा युद्धामुळे, कोणत्याही कारणाने वाईट दिवस आले तरी तो दुष्काळच. या व्यापकतेमुळेच मराठीत ‘कोरडा दुष्काळ’ आणि ‘ओला दुष्काळ’ असे दोन्ही प्रयोग सहज होतात. ‘ड्राउट’च्या मागे ‘ओला’ हे विशेषण लावू गेल्यास ‘ओला कोरडेपणा’ असा विचित्र अर्थ होईल.

संस्कृत परंपरेतून आलेले दोन शब्द मात्र इंग्रजीतील भेदाशी बरेच जुळतात. ‘अवर्षण’ किंवा ‘अनावृष्टी’ म्हणजे पावसाचा अभाव. हा ‘ड्राउट’च्या जवळचा शब्द. ‘दुर्भिक्ष’ म्हणजे जेथे भिक्षा मिळणेही कठीण झाले आहे अशी स्थिती. हा ‘फॅमिन’च्या जवळचा. ज्या घरात धान्य आहे, तेच घर भिक्षा घालू शकते. घरोघरीचे धान्य सरले की दारी आलेला रिकाम्या झोळीने परत जातो. धान्याच्या अभावाचे इतके नेमके वर्णन करणारा शब्द मराठीपाशी असताना शासकीय आणि शालेय लेखनात तो क्वचितच वापरला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

राजस्थानात याहून बारीक भेद केला जातो. धान्य नसेल तर ‘अकाल’, पाणी नसेल तर ‘जलकाल’, वैरण नसेल तर ‘तृणकाल’ आणि तिन्ही एकदम नसतील तर ‘त्रिकाल’. ज्या प्रदेशाला एखाद्या संकटाचा अनुभव अधिक, त्याच्या भाषेत त्या संकटाची नावेही अधिक, हे यावरून दिसून येते.

चार उदाहरणे

दोन शब्दांतील नाते इतिहासातील चार प्रसंगांवरून स्पष्ट होते.

पहिला प्रसंग १८७६ ते १८७८ या वर्षांचा. पाऊस सलग हुकला आणि दख्खन, मद्रास, म्हैसूर व हैदराबाद संस्थानाचा मोठा भाग होरपळून निघाला. लक्षावधी माणसे उपासमारीने व त्यापाठोपाठ आलेल्या रोगराईने दगावली. येथे ‘ड्राउट’ आधी आला व त्याच्या मागोमाग ‘फॅमिन’. दोन्ही शब्द लागू पडतात, परंतु एक कारण म्हणून व दुसरा परिणाम म्हणून.

दुसरा प्रसंग बंगालमधील १९४३ सालचा. त्या वर्षी तेथे मोठे अवर्षण नव्हते. युद्धकाळातील भाववाढ, साठेबाजी, वाहतुकीवरील निर्बंध व शासनाची अनास्था यांमुळे तांदूळ गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला आणि लक्षावधी लोक मृत्युमुखी पडले. हा ‘फॅमिन’ होता, ‘ड्राउट’ नव्हता. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात याच प्रसंगाच्या आधारे एक महत्त्वाचा विचार मांडला. धान्य अस्तित्वात असणे आणि ते मिळविण्याची ऐपत माणसाजवळ असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा तो विचार होय. त्या वेळच्या सरकारने बंगालमध्ये ‘फॅमिन’ अधिकृतपणे जाहीरच केला नाही, ही बाबही अभ्यासकांनी नोंदविली आहे. शब्द उच्चारला असता तर त्यासोबत येणारी जबाबदारीही स्वीकारावी लागली असती.

तिसरा प्रसंग आयर्लंडचा. १८४५ पासून तेथे बटाट्याच्या पिकावर करपा पडला. करप्याच्या बुरशीला ओलावा मानवतो. म्हणजे कोरडेपणाशी या संकटाचा संबंधच नव्हता. तरीही इतिहासात त्याला ‘ग्रेट फॅमिन’ असेच नाव आहे.

चौथा प्रसंग महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा आहे, तो १९७२-७३ सालचा. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

या प्रसंगांवरून असा नियम निघतो की, ‘ड्राउट’ हे निसर्गाचे कृत्य आहे. ‘फॅमिन’मध्ये बाजार, वाहतूक, मजुरी, सत्ता आणि समाज यांचा हात असतो.

तिसरा शब्द : ‘स्केअर्सिटी’

या दोन शब्दांच्या मध्ये आणखी एक शब्द उभा आहे. तो म्हणजे ‘स्केअर्सिटी’, मराठीत टंचाई. १८७६-७८ च्या अनर्थानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १८८० साली आपला अहवाल सादर केला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या ‘फॅमिन कोड’ची, म्हणजे दुष्काळ संहितांची, उभारणी झाली. संकटाच्या खुणा कोणत्या, चाचणी म्हणून कामे केव्हा उघडावीत, मजुरी किती द्यावी, अशक्तांना अन्न कसे पोचवावे, याचे नियम त्यात घालून दिले होते. याच व्यवस्थेत अभावाच्या पायऱ्या ठरल्या. अलीकडची पायरी ‘स्केअर्सिटी’ व पलीकडची ‘फॅमिन’. आजचा धाराशिव जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग झाला. त्यानंतर राज्याच्या इतर भागांना लागू असलेली प्रशासकीय परिभाषाच या जिल्ह्यालाही लागू झाली.

या परिभाषेच्या इतिहासात १९६३ हे वर्ष विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा संमत करून राज्यात लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला व त्या जागी ‘स्केअर्सिटी’ हा शब्द घातला. शेतीच्या परिस्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजले जातात. त्यामुळे ‘फॅमिन’ उद्भवण्यास आता वाव उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. एका शब्दाला कायद्याच्या पुस्तकातून निरोप देण्यासाठी स्वतंत्र कायदा व्हावा, हे उदाहरण दुर्मीळच म्हणावे लागेल.

या कायद्याकडे दोन दृष्टींनी पाहता येते. भुकेने माणूस मरू देणार नाही, असे अभिवचन त्यात होते, ही एक बाजू. शब्द गेला म्हणून अवस्था जात नाही आणि सौम्य शब्दामुळे संकटाचे गांभीर्य झाकले जाऊ शकते, ही दुसरी बाजू. अनेक अभ्यासकांनी ही दुसरी बाजू आग्रहाने मांडली आहे. अभिवचन खरे ठरते की नाही, हे शब्दावर नव्हे तर त्यानंतरच्या कृतीवर ठरणार होते. ती कसोटी अवघ्या नऊ वर्षांत आली.

बहात्तरचा दुष्काळ

१९७० पासून पावसाने हात आखडता घेतला होता. १९७२ मध्ये त्याने पाठ फिरविली आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागात खरीप व रब्बी ही दोन्ही पिके बुडाली. मराठवाड्यात ‘बहात्तरचा दुष्काळ’ हे कालगणनेचेच एक साधन होऊन बसले. कोणाचा जन्म, कोणाचे लग्न, कोणाची विहीर, सारे त्या वर्षाच्या आधीचे किंवा नंतरचे म्हणून सांगितले जाऊ लागले. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते व खडी फोडण्याची कामे गावोगावी उघडण्यात आली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोचली होती. सुकडीचे वाटप झाले, परदेशातून आलेला तांबडा मिलो लोकांनी खाल्ला. हाल अपार झाले, जनावरे मोठ्या संख्येने गेली, गावे ओस पडली. परंतु बंगालसारखा मृत्यूचा थैमान महाराष्ट्रात झाला नाही.

म्हणूनच ज्याँ ड्रेझ व अमर्त्य सेन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हंगर अँड पब्लिक अॅक्शन’ या ग्रंथात महाराष्ट्राचा हा अनुभव ‘ड्राउट’चा ‘फॅमिन’ होऊ न देण्याचे उदाहरण म्हणून मांडला. या अनुभवातूनच रोजगार हमी योजनेला बळ आले. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या या योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम हे तत्त्व कायद्याने मान्य केले, ते अशा रीतीने. मजुराच्या हाती मजुरी आली की तो धान्य विकत घेऊ शकतो आणि मग पाऊस हुकला तरी चूल पेटते. दोन इंग्रजी शब्दांमधील अंतर महाराष्ट्रात मजुरीने भरून काढले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मराठवाड्यातील वृद्ध मंडळी एक निरीक्षण नेहमी सांगतात : बहात्तरमध्ये खायला नव्हते, पण विहिरींना पाणी होते, अलीकडच्या दुष्काळांत खायला आहे, पण प्यायला पाणी नाही. इंग्रजीत सांगायचे तर बहात्तरचे संकट ‘फॅमिन’च्या उंबरठ्यापर्यंत गेलेला ‘ड्राउट’ होता. २०१२-१३ किंवा २०१५-१६ चे संकट प्रामुख्याने पाण्याचे होते. स्वस्त धान्य दुकानामुळे शिधा मिळत राहिला, परंतु भूजल खोल गेले आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली. ब्रिटिश काळातील कागदपत्रांत अशा स्थितीला ‘वॉटर फॅमिन’ आणि वैरणीच्या अभावाला ‘फॉडर फॅमिन’ असे शब्द वापरलेले दिसतात. तेथे ‘फॅमिन’ हा शब्द पाण्याची व जनावरांची भूक सांगण्यासाठी लक्षणेने योजलेला आहे.

मोजमापाचा शब्द

‘ड्राउट’ मोजता येतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या संकेतानुसार एखाद्या क्षेत्रात हंगामातील पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी झाला म्हणजे तेथे हवामानशास्त्रीय ‘ड्राउट’ मानतात. तूट २६ ते ५० टक्के असल्यास तो मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास तीव्र. नद्या, धरणे व विहिरी यांतील साठा घटला म्हणजे जलशास्त्रीय, आणि जमिनीतील ओल पिकाला पुरेनाशी झाली म्हणजे कृषिविषयक ‘ड्राउट’ होतो. पावसाची बेरीज सरासरीएवढी भरूनही ऐन फुलोऱ्यात तीन-चार आठवड्यांचा खंड पडला, तर सोयाबीन वाळते. अशा वर्षी पहिल्या प्रकारचा ‘ड्राउट’ नसतो, तिसऱ्या प्रकारचा असतो. शेतकरी आणि पर्जन्यमापक यंत्र यांचे म्हणणे कधी कधी जुळत नाही, याचे एक कारण हे आहे.

पूर्वी महाराष्ट्रात निर्णयाचा मुख्य आधार पैसेवारी हा होता. प्रमाण उत्पन्नाला एक रुपया मानून प्रत्यक्ष पीक किती पैसे आले, हे ठरविले जाई व ५० पैशांहून कमी पैसेवारीची गावे टंचाईग्रस्त ठरत. खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरात हाती येत असल्याने निर्णयास विलंब होई. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी ‘स्वराज अभियान’ प्रकरणात दिलेल्या निर्णयात ‘ड्राउट’ जाहीर करण्यातील दिरंगाईची गंभीर दखल घेतली आणि केंद्राच्या मार्गदर्शक पुस्तिकेत सुधारणा करण्याचे निर्देश दिले. त्यानुसार डिसेंबर २०१६ मध्ये सुधारित पुस्तिका आली. आता आधी पावसाची तूट किंवा खंड पाहतात, नंतर उपग्रहाद्वारे दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओल व जलसाठे तपासतात आणि शेवटी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १० टक्के गावांत प्रत्यक्ष पीकपाहणी करतात.

त्याच मे २०१६ मध्ये महाराष्ट्रात शब्दाचाच प्रश्न ऐरणीवर आला होता. त्याआधीच्या शासकीय आदेशांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असा शब्दप्रयोग होता. मुंबई उच्च न्यायालयासमोर हा विषय आल्यानंतर राज्य शासनाने सुमारे २९ हजार गावांच्या बाबतीत ‘दुष्काळसदृश’ ऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, अशी दुरुस्ती केली. एका प्रत्ययासारख्या ‘सदृश’ या शब्दाला किती वजन असते, हे त्यावरून ध्यानात यावे.

पुढे ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत या जिल्ह्यातील धाराशिव, वाशी व लोहारा हे तीन तालुके होते. त्यानंतर पंधरवड्याच्या आत राज्याच्या इतर तालुक्यांतील अनेक महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर करण्यात आली आणि त्या मंडळांनाही सवलती लागू झाल्या. या सवलती अशा : जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत शिथिलता, आवश्यक तेथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकर आणि कृषिपंपांची वीजजोडणी खंडित न करणे. परीक्षा शुल्कापासून वीजजोडणीपर्यंत एवढ्या गोष्टी एका शब्दाच्या पाठीवर बसून गावात येतात.

ओला दुष्काळ

सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्याने उलट टोक पाहिले. अतिवृष्टी व पुरामुळे भूम, परंडा आणि इतर भागांत उभी पिके पाण्यात गेली, जनावरे वाहून गेली, नदीकाठच्या जमिनी खरडून निघाल्या. ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ अशी मागणी मराठवाडाभर उठली. त्यावर, मार्गदर्शक पुस्तिकेत ओला दुष्काळ अशी संज्ञा नाही, परंतु दुष्काळाच्या वेळी मिळणाऱ्या सवलती पूरग्रस्तांना देण्यात येतील, अशी भूमिका राज्य शासनाने घेतली व ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली.

येथे दोन भाषांचा परस्पर गैरमेळ स्पष्ट दिसतो. शेतकरी ‘दुष्काळ’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वाईट काळ असतो. हंगाम गेला, कर्ज उरले, वर्ष कसे निघेल, हा त्याचा अर्थ. पुस्तिका मूळ इंग्रजीत ‘ड्राउट’ म्हणते. त्या शब्दात ओलावा बसू शकत नाही. शेतकऱ्याचा शब्दप्रयोग मराठीच्या दृष्टीने अगदी शुद्ध आहे आणि पुस्तिकेचा शब्द इंग्रजीच्या दृष्टीने बिनचूक आहे. अडचण आहे ती दोहोंमधील अनुवादाची. ‘ओला दुष्काळ’ इंग्रजीत मांडताना ‘वेट ड्राउट’ असे शब्दशः लिहिण्यापेक्षा ‘अतिवृष्टीमुळे झालेली पीकहानी’ या अर्थाची पूर्ण शब्दयोजना करावी. म्हणजे मागणीचा आशय वाचणाऱ्यापर्यंत पोचतो.

जगातील आजचा ‘फॅमिन’

‘फॅमिन’ हा शब्द आता आंतरराष्ट्रीय व्यवहारात मोजमापाने वापरला जातो. अन्नसुरक्षेच्या पाच टप्प्यांच्या जागतिक वर्गीकरणात तो शेवटचा टप्पा आहे. किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची पराकोटीची टंचाई, ३० टक्क्यांहून अधिक बालकांत तीव्र कुपोषण आणि दर १० हजारांमागे दररोज दोन मृत्यू, असे त्याचे सर्वसाधारण निकष आहेत. २०११ मध्ये सोमालियाच्या काही भागांत, २०१७ मध्ये दक्षिण सुदानच्या काही भागांत, २०२४ मध्ये सुदानमध्ये आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गाझात ही स्थिती असल्याचे घोषित झाले. यांपैकी सोमालियात अवर्षणाचा वाटा मोठा होता. दक्षिण सुदान, सुदान आणि गाझा येथे मात्र युद्धाने अन्नाची वाट अडविली. हा शब्द म्हणूनच जपून वापरावा लागतो. पिके वाळलेल्या तालुक्याचे वर्णन करताना ‘फॅमिन’ लिहिले तर वाचणारा उपासमारीच्या मृत्यूंची कल्पना करतो. आणि माणसे खरोखर भुकेने मरत असताना ‘ड्राउट’ लिहिले तर दोष आकाशावर ढकलल्यासारखे होते.

वापराचे नियम

१. पाऊस, ओल, जलसाठा, पीक यांविषयी बोलताना ‘ड्राउट’ योजावा. कमी पाण्यावर तग धरणारे वाण ते ‘ड्राउट-रेझिस्टंट’; मराठीत अवर्षणसहनशील. १९७३-७४ पासून देशात राबविलेल्या ‘ड्राउट-प्रोन एरियाज प्रोग्रॅम’चे मराठी नावही ‘अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रम’ असेच होते. ‘फॅमिन-प्रोन’ म्हटल्यास वारंवार उपासमार होणारा प्रदेश, असा निराळाच अर्थ होतो.

२. अन्नाचा व्यापक अभाव आणि त्यामुळे होणारी मृत्युसंख्या सांगताना ‘फॅमिन’ योजावा. पीक ‘ड्राउट’ने मरते; माणूस ‘फॅमिन’मध्ये मरतो.

३. ऐतिहासिक नावे बदलू नयेत. दुर्गादेवीचा दुष्काळ इंग्रजी ग्रंथांत ‘फॅमिन’ म्हणूनच येतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठारे खुली केली, ती कथाही ‘फॅमिन’चीच, कारण तिचा विषय पाऊस नसून कोठारातील धान्य आहे.

४. मराठीत दुष्काळ ‘पडतो’. इंग्रजीत मात्र पडण्याचे क्रियापद या शब्दांना शोभत नाही. ‘ड्राउट’ हळूहळू शिरकाव करतो, म्हणून त्यासाठी ‘सेट इन’ हे क्रियापद योग्य. ‘फॅमिन’साठी ‘ब्रेक आउट’ किंवा ‘स्ट्राइक’.

५. लाक्षणिक अर्थाने खेळाडूला बरेच दिवस यश न मिळाल्यास ‘ड्राउट’ म्हणतात. कधी भरपूर, कधी काहीच नाही, अशा मिळकतीला ‘फीस्ट ऑर फॅमिन’ म्हणतात. येथे शब्दांची अदलाबदल चालत नाही.

६. ‘ड्राउट’च्या लेखनातील दोन अक्षरे उच्चारात येत नाहीत. ‘फॅमिन’मधील शेवटचा उच्चार ‘मिन’ असा ऱ्हस्व आहे. तो ‘माइन’ असा करू नये.

स्वाध्याय

पुढील वाक्यांतील ‘दुष्काळ’ या शब्दासाठी योग्य इंग्रजी शब्द निवडावा.

(अ) दोन नक्षत्रे कोरडी गेली; परंडा भागात दुष्काळाची चिन्हे दिसू लागली.
(आ) बंगालच्या दुष्काळात तांदूळ असूनही गरिबांना तो मिळाला नाही.
(इ) दुष्काळात तेरावा महिना.
(ई) पुराने सोयाबीन कुजले. गावाने ओला दुष्काळ जाहीर करण्याचा ठराव केला.
(उ) बहात्तरच्या दुष्काळात गावाने पाझर तलाव बांधला.

उत्तरे : (अ) ‘ड्राउट’, येथे विषय पावसाचा आहे. (आ) ‘फॅमिन’. (इ) ‘फॅमिन’, अधिक मासामुळे आणखी एक महिना पोट भरावे लागते, अशी ही म्हण आहे व तिचा रोख धान्यावर आहे. (ई) दोन्हीही नाहीत. पूर व अतिवृष्टीमुळे झालेल्या पीकहानीचे स्पष्ट वर्णन करावे. (उ) ‘ड्राउट’, मात्र त्या काळच्या मजुराच्या तोंडी असलेले ‘दुष्काळी काम’ इंग्रजीत ‘रिलीफ वर्क’ असे होईल.

समारोप

भाषेचा अभ्यास करणाऱ्याने या दोन शब्दांमधील अंतर लक्षात ठेवावे, ते केवळ परीक्षेतील गुणांसाठी नव्हे. अवर्षण टाळणे माणसाच्या हाती नाही. तेरणेच्या खोऱ्यात पाऊस कधी कमी, कधी अधिक पडणारच. परंतु अवर्षणाचे दुर्भिक्ष होऊ न देणे सर्वस्वी माणसाच्या हाती आहे. वेळेवर केलेली पीकपाहणी, वेळेवर मिळालेले काम, स्वस्त धान्य दुकानातील शिधा, पाण्याचा हिशेब आणि अहवालात लिहिलेला नेमका शब्द, ही त्याची साधने होत. ‘फॅमिन’ हा शब्द महाराष्ट्राच्या कायद्यांतून १९६३ साली गेला. तो पुन्हा लिहिण्याची वेळ येऊ नये, यासाठी ‘ड्राउट’ हा शब्द वेळीच आणि योग्य जागी लिहिला गेला पाहिजे.